विहीणबाईंबरोबर रतनगड

विहिणीबरोबर डोंगर चढू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. मी शास्त्रं वाचलेली नाहीत, पण नसणारच लिहिलेलं, कारण असला उद्योग कुणी करील हे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. मी केला. आता घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले आहे, मांड्या भरून आल्यात, आणि तरी मधूनच एकटी फिदीफिदी हसते आहे. आमचे हे दोनदा विचारून गेले, "बरी आहेस ना?"

आधी ओळख करून देते. मी वसुधा, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. गावात आमचं औषधांचं दुकान आहे. मी बडबडी आणि जरा हुकूम सोडणारी. 'गोळी जेवणानंतर' हे मी अशा सुरात सांगते की भूक नसलेली माणसंही घरी जाऊन जेवतात. दर वर्षी पावसाळा सरत आला की मी पाठीवर पिशवी टाकून अकोले तालुक्यातल्या अभयारण्यात जाते. कारण एकच, प्रवरा. आमच्या गावावरून वाहणारी ही नदी रतनगडावर जन्मते. गावाजवळ ती मोठी पोक्त बाई आहे. तिकडं ती परकरी पोरीसारखी दगडांवरून उड्या मारत असते. ते एकदा बघून आल्याशिवाय मला वर्ष सुफळ झाल्यासारखं वाटत नाही.

यंदा माझ्या रोहितचं लग्न ठरलं. मुलगी अश्विनी, पाथर्डी तालुक्यातली. दोघं पुण्यात एकाच कंपनीत आहेत. मुलगी लाखात एक, तिच्याबद्दल काही म्हणणंच नाही. म्हणणं होतं ते तिच्या आईबद्दल. सुमनताई एसटीत कंडक्टर आहेत. अश्विनी सांगते, आईनं आवाज दिला की मागच्या सीटवर घोरणारा माणूस झोपेतच खिशात हात घालतो. आणि ही वाघीण माझ्यासमोर आली की मांजर! साखरपुड्याचा हॉल कुठला घ्यायचा? "तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई." साडी कुठल्या रंगाची? "तुम्ही म्हणाल तशी." चहा घेणार का? "तुम्ही घेणार असाल तर."

मग आमच्या मोठ्या भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, लग्नाला मार्गशीर्षातली तारीख काढली. कार्यालय मोकळं होतं, घटस्थापनेला कार्यालयवाल्यांना पक्कं सांगायचं होतं. मी सुमनताईंना फोन केला. पलीकडं क्षणभर नुसती शांतता. मग, "तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई."

त्या क्षणभरानं माझी झोप उडवली. इतकी वर्षं औषधाच्या दुकानात काढल्यावर एक गोष्ट कळते. 'कुठं दुखतंय?' विचारल्यावर माणूस थांबला आणि मग 'काही नाही' म्हणाला, तर नक्की काहीतरी असतं. ह्या बाईला ती तारीख नको होती आणि जीव गेला तरी ती मला सांगणार नव्हती. लग्न एका दिवसाचं असतं, विहीण जन्माची. जन्मभर ही मला हो हो म्हणत आतल्या आत कुढत राहिली तर काय करायचं? घटस्थापनेच्या आत तिच्या तोंडून 'नाही' काढायचंच, असं मी ठरवलं.

माझी दरवर्षीची जोडीदारीण गुडघा धरून घरी बसली होती. पितृपंधरवडा, म्हणजे लग्नाच्या बोलण्यांना सुट्टी. मी फोन उचलला. "सुमनताई, येता का माझ्याबरोबर रतनगडाला?"

"तुम्ही म्हणाल तसं."

अश्विनीनं नंतर सांगितलं की आईनं मोहट्याच्या देवीच्या पायऱ्या सोडून दुसरं काही चढलेलं नाही.

रतनवाडी

संगमनेरला आम्ही भेटलो. मी ट्रॅकपँटमध्ये. विहीणबाई जरीकाठाच्या साडीत, केसांत गजरा, आणि पायात लेकीनं घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि त्याच झटक्यात माझी पाठपिशवी उचलली.

"अहो, द्या इकडं!"

"वरमाईनं ओझं उचलायचं? लोक काय म्हणतील मला?"

मी एक पट्टा धरला, त्यांनी दुसरा. भर स्टँडवर आमची रस्सीखेच चालली आणि पिशवीचं बक्कल ताडकन तुटलं. मग त्यांनी स्वतःची पिशवी पाठीवर घेतली, माझी गाठ मारून पोटावर, आणि मधे विहीणबाई. गाडीत बसल्यावरही त्यांना चैन नव्हतं. थांबा आला की त्यांचा हात आपसूक घंटीच्या दोरीकडं जायचा, आणि माझं लक्ष गेलं की तोच हात गजरा नीट करायला लागायचा.

राजूर सोडलं आणि हिरवं सुरू झालं. शेंडी गावात जीप घेतली. एका बाजूला भंडारदऱ्याचं काठोकाठ भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि डोंगरावरून ठिकठिकाणी पाण्याच्या पांढऱ्या रेघा. आमच्या बेलापुरात हिरवं म्हणजे ऊस, नांगरून आखून दिलेलं. इथं हिरव्याला कुणी विचारतच नाही, वाटेल तिथं उगवतं. विहीणबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

"आवो, आमच्याकडं पानी टँकरनं येतं," त्या म्हणाल्या. "आन् हितं बगा, कुनी हांडासुदा लावीना!"

रतनवाडीत हिराबाईंच्या घरी मी दरवर्षी उतरते. अमृतेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर आहे. हिराबाईंनी आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्या ताई कोन? भन का तुमची?"

"विहीण."

हिराबाईंच्या हातातलं पीठ सांडलं. "विहीन? आन् डोंगरात संगट? अगं बाई, आमच्याकडं विहिनी एका मांडवात बसत न्हाईत!"

जेवायला खेकड्याचं कालवण होतं, नाचणीची भाकरी आणि ठेचा. आता खेकडा हा मानपानाचा पदार्थच नाही. तो दोन्ही हातांनी फोडावा लागतो, चोखावा लागतो, आवाज होतो, रस्सा कोपरापर्यंत येतो. विहीणबाई माझी वाट बघत बसल्या, वरमाईच्या आधी घास कसा घ्यायचा? मी ठरवलं होतं की आज ह्यांनी आधी घ्यायचा. दोघी हात बांधून एकमेकींच्या ताटाकडं बघतोय आणि कालवण निवतंय. शेवटी हिराबाईंनीच स्वतःचं ताट ओढलं. "तुमचं ठरंस्तोवर मी जेवते," म्हणाल्या आणि कडाकड नांगी फोडली. तेव्हा कुठं मी हरले आणि सुरुवात केली.

वाट

सकाळी मी बूट घालून अंगणात आले तर समोर खाकी कपड्यातली बाई उभी. मी दचकले. वनखात्याची बाई इतक्या लवकर कशाला आली? बघते तर सुमनताई. ड्यूटीचा खाकी ड्रेस, ओढणी करकचून बांधलेली, बॅज तेवढा नाही.

"साडीवर चढाय येनार न्हाई," त्या लाजून म्हणाल्या. "दुसरं काय न्हवतं माझ्याकडं. चालंल न्हवं तुम्हाला?"

चालेल? माझ्या पोटात हसण्याचे बुडबुडे येत होते. मी म्हटलं, "शोभतंय."

वाट प्रवरेच्या काठानं जाते आणि नदी तिला सारखी आडवी येते. कधी गुडघाभर पाणी, कधी नुसते घोटे. प्रत्येक ओलांडणीला विहीणबाई वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायच्या. त्यांच्या ओंजळीतून सांडलेलं ते पाणी केव्हातरी आमच्या घाटावरून जाणार, ह्या विचारानं मला इतका आनंद झाला की मी उगाच दोन-तीनदा पाण्यात पाय आपटले. एका ठिकाणी काठावर चिखलाची नुसती रबडी होती. मी पाऊल टाकणार, इतक्यात त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून चिखलावर अंथरला.

"हे काय?"

"पायघड्या," त्या म्हणाल्या. चेहरा एकदम गंभीर. "पहिल्यांदा माझ्याबरोबर चाललाय तुम्ही. मान नको?"

लग्नात वरमाईसाठी जमिनीवर कापड अंथरतात, ते बाईनं अभयारण्यात अंथरलं! त्यावर मी पाय दिला. टॉवेलासकट पाय थेट पिंडरीपर्यंत आत गेला. तो बाहेर काढायला त्यांना माझी कंबर धरून ओढावं लागलं. बूट आला, टॉवेल मात्र जंगलाला आहेर म्हणून गेला.

थोडं पुढं मोकळ्या जागी शहरातली पंधरा-वीस पोरं खात बसली होती. भोवती वेफर्सची पाकिटं, मोबाईलवर गाणं जोरात. खाकी दिसल्याबरोबर गाणं बंद, पोरं उभी.

"मॅडम, आम्ही निघतच होतो."

विहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी झाडामागं तोंड लपवलं. आणि मग मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

"ए! चला, उचला सगळं! एक कागद दिसला न्हाई पाहिजे! ए चष्मा, ती बाटली कुनाचा बाप नेनार? पुढं सरका, पुढं सरका, वाट मोकळी करा!"

पोरांनी दुसऱ्यांचाही कचरा उचलला. एकानं तर सुकलेली पानंसुद्धा पिशवीत भरली. ती दिसेनाशी झाल्यावर विहीणबाई माझ्याकडं वळल्या आणि साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "चला विहीणबाई, तुम्ही पुढं."

म्हणजे आवाज होता. मला तो हवा होता, माझ्यावर.

पुढं दाट रान लागतं. वर पानांचं छत, खाली ओली माती, कुठंतरी शीळ घालणारा एक पक्षी, आणि मी पुढं, बोलत. ही वाट मी कितीदा चालले, सांगत होते. डोळे बांधून जाईन म्हणत होते. बरंच चढल्यावर झाडी उघडली आणि मी थबकले. रतनगड समोर असायला हवा होता. तो माझ्या उजव्या हाताला, मागं, शांतपणे उभा होता. आम्ही कात्राबाईच्या खिंडीच्या वाटेला लागलो होतो.

"चुकलो आपण!"

"व्हय," विहीणबाई म्हणाल्या.

"व्हय म्हणजे?"

"त्या फाट्यावर दगडावर बाण हुता. उजवीकडं. पांढऱ्या रंगाचा, चांगला हातभर."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पांढऱ्याचे तांबडे झालेले बूट न्याहाळले. "तुम्ही पुढं हुता. वरमाईला चुकलात कसं म्हनायचं?"

मी तिथंच दगडावर बसले आणि हसत सुटले. दोन पिशव्यांचं ओझं घेऊन ही बाई एवढा चढ माझ्यामागं चढली, वाट चुकीची आहे हे माहीत असून! हसता हसता मला रागही आला, खराखुरा.

"सुमनताई, लग्नाच्या तारखेचंही असंच आहे ना? बाण दिसतोय आणि तुम्ही गप्प आहात."

वाटलं, आता निघेल. त्यांनी ओठ उघडले. मिटले. "तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई."

कपाळ माझं! आम्ही फाट्यापर्यंत खाली आलो. बाण होता. चांगला हातभर.

नेढं

लोखंडी शिड्या विहीणबाईंनी देवाचं नाव घेत पार केल्या. धावत्या गाडीत उभं राहायची सवय असल्यामुळं त्यांचा तोल माझ्याहून बरा होता, पण नाव मात्र मोठ्यानं घेतलं. दरवाजातून वर आलो आणि दोघींच्या तोंडून एकदमच "अगं बाई!" निघालं. सगळा माथा सोनकीनं पिवळा झाला होता. उभं राहायला जागा शोधावी लागावी इतकी फुलं. मधूनच ढग येऊन सगळं पुसून टाकायचा आणि मग पुन्हा हळद उधळल्यासारखं उघडायचं. विहीणबाई दोन्ही पिशव्यांसकट त्यात फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "मी हितंच ऱ्हाते. तुम्ही जावा." गमतीत का होईना, ते त्यांचं माझ्याविरुद्धचं पहिलं वाक्य होतं. मला आशा वाटली.

गडाच्या माथ्यावर नेढं आहे. नेढं म्हणजे सुईचं भोक. इथं अख्ख्या कातळालाच आरपार भोक पडलंय, चांगलं दहा-बारा माणसं बसतील एवढं. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि डोंगरांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला एकदम खोल कोकण. आणि मधून वारा. असा वारा, की शेजारी बसलेल्याचं बोलणं उडून कोकणात जातं.

आम्ही खडकाला पाठ लावून बसलो. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "शेवटचं विचारते! मार्गशीर्षातली तारीख चालेल?"

त्यांचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते माहीत होतं, पण ऐकू मात्र खरंच आलं नाही.

"ऐकू येत नाही!"

पुन्हा ओठ हलले.

"मोठ्यानं बोला, सुमनताई! मागच्या सीटपर्यंत!"

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मला वाटतं, त्यांनी तोच जुना जप मोठ्यानं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण एकदा तो आवाज सुटला की त्यात खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"नकोऽऽ! ती तारीख नको मला!"

आणि लगेच तोंडावर हात. डोळे एवढे मोठे.

"का?" मी ओरडले.

"पोरीचा मामा तोडीला गेला असंल तवा! आमची अख्खी वाडी जाते ऊस तोडाय! दसरा झाला की ट्रक भरत्यात, गुढीपाडव्याला म्हागारी येत्यात! चुलते, आत्या, माम्या, समदी! मांडवात माझ्याकडून हुभं कोन ऱ्हानार? मी, हे आन् दारचं कुत्रं?"

"मग सांगायचं ना!"

"आन् मामा कुठं असतो ठावं हाय का?" आता त्या थांबेनात. "तुमच्याच बेलापूरच्या शिवारात! नदीकाठच्या फडात! पाचटानं अंग कापतं, तर मलम तुमच्याच दुकानातनं नेतो दरसाल!"

किती चेहरे डोळ्यांसमोरून गेले. त्यातला कुठला अश्विनीचा मामा? मी मूर्खासारखी ओरडून बसले, "मग तो जवळच आहे की! येईल लग्नाला!"

"येईल की! कोयता बांधावर टाकून, मुकादमाकडं अर्धा दिस मागून येईल! पर पोरीच्या पाठीशी मामा हुभा ऱ्हायचा तर पाव्हना म्हनून आला पाहिजे, विहीणबाई! मजूर म्हनून न्हाई!"

वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडं पळत होतं. माझ्याही. आणि तरी तुम्हाला सांगते, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बोलली! बाई बोलली! मी त्यांना तिथंच मिठी मारली. पोटावरची पिशवी मधे आल्यामुळं ती अर्धीच झाली.

नेढ्यातून बाहेर येताच फोनला रेंज आली. मी भाऊजींना लावला. विहीणबाई हात धरत होत्या. "ऱ्हाऊ द्या, उगा वाद नको." आणि घंटी वाजत असताना माझ्या एकदम लक्षात आलं की मोठ्या भाऊजींना आमच्या घरात आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. ह्यांनी नाही आणि एवढी तोंडाळ मी, मीसुद्धा नाही. लग्न होऊन आल्यापासून मीही त्यांना एकच म्हणत आले होते, तुम्ही म्हणाल तसं. फोन कापावा असं वाटलं, तेवढ्यात पलीकडून भाऊजींचा आवाज आला.

"बोल वसुधा."

"भाऊजी, मार्गशीर्ष नाही. वैशाख."

"वैशाखात ऊन किती! आणि कार्यालयाचं काय?"

"मुलीचा मामा मार्गशीर्षात येऊ शकत नाही. मामा नसेल तर माझा मुलगा बोहल्यावर चढणार नाही." हे मी मुलाला विचारलं नव्हतं, पण वेळच तशी होती.

मी डोळे मिटले.

"मामा नाही?" भाऊजी म्हणाले. "मग कसं चालेल? मुलीला मांडवात आणणार कोण? मामा पाहिजेच. आधी का नाही बोललीस? बघतो वैशाखातलं." आणि फोन ठेवला.

एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दोघी गड चढलो होतो. मी फोनकडं बघितलं, विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि मग आम्ही दोघी सोनकीत पडून, पोट धरून, लहान पोरींसारख्या हसलो. जरा दम खाल्ल्यावर त्या उठल्या, पोटावरच्या पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"घ्या तुमची तुम्ही. खांदा मोडला माझा."

उतरताना मी काय काय बोलत होते मला आठवत नाही. वैशाखात आमरस करता येईल, मामांना फेटा बांधायचा, हिराबाईंना आमंत्रण द्यायचं, असं काहीतरी. बोलण्याच्या नादात पुन्हा तोच फाटा आला. डावीकडं वळायचं होतं, मी उजवीकडं वळले आणि तरातरा चालायला लागले. मागून आवाज आला, मागच्या सीटपर्यंतचा.

"ओऽ बेलापूर! तिकडं कुठं? गाडी हिकडं लागलीया!"

झाडावरची वानरं उड्या मारत पळाली. मी मुकाट्यानं मागं फिरले. माझी पिशवी माझ्या पाठीवर होती आणि विहीणबाई पुढं निघाल्या होत्या.